कांझूला माती

काम्याच्या कापडाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते कुजायचं. ही गोष्ट तो लपवत नसे, उलट पहिल्याच वाक्यात सांगून टाकी. मसाकाच्या बाजारात त्याच्या पालापुढे बायका थांबत, कापड दोन बोटांत धरून बघत, विचारत, "टिकतं किती?" आणि हा शहाणा छाती पुढे काढून सांगे, "टिकत नाही, बाई. जमिनीत पुरलं की दोन पावसांत माती होते त्याची." बायका जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत आणि शेजारच्या नायलॉनवाल्याकडे वळत. काम्याची खरी गिऱ्हाइकं कंपालाहून गाडीतून यायची. त्यांना कुजणारंच कापड हवं असायचं. जितकं लवकर कुजेल तितकी त्यांची खुशी जास्त. शहरातल्या माणसांचं काय बिनसलंय हे काम्याने कधी विचारलं नाही, आणि ते बरंच केलं.

माल फुकटचा होता. केळ एकदाच लोंगर देते. लोंगर उतरवलं की खोड कोयत्याने आडवं करायचं आणि तिथंच बागेत कुजू द्यायचं, ही आमच्याकडची आजा-पणजापासूनची रीत. काम्या ती खोडं उचलून न्यायचा. सोपटं सोलायची, बोथट पात्याने खरवडून गर काढायचा, उरलेला वाख राखेच्या पाण्यात उकळायचा, सावलीत वाळवायचा आणि मागावर चढवायचा. त्याचा आजा झाडाची साल कुटून मयतावर घालायचं कापड करायचा. त्या आज्याची खाचांची लाकडी मोगरी काम्याकडे होती. तिने तो आपलं कापड कुटून मऊ करी. तरी ते पुरतं मऊ होत नसे. वाळलं की करकरायचं. त्याचा सदरा घातलेला माणूस चर्चमध्ये गुडघे टेकायला लागला की मागच्या बाकांवरची पोरं फिदीफिदी हसायची.

वाखाचे धागे आखूड. ते एकमेकांना गाठी मारून जोडावे लागतात, आणि गाठ तर बोटाला लागता कामा नये. अशी गाठ अख्ख्या पंचक्रोशीत एकट्या गॉडेन्सियाला जमायची. ज्या बागेतली खोडं काम्या न्यायचा त्या बागेच्या मालकाची ती थोरली मुलगी. चाळिशी ओलांडलेली, हसली की खांदे हलणारी, आणि काम्यावर इतक्या वर्षांपासून जीव लावून बसलेली की गावाने त्यावर चहाटळपणा करणंसुद्धा सोडून दिलं होतं. काम्याचं म्हणाल तर त्याने तिच्यापायी अळंबी सोडली होती. गॉडेन्सियाच्या कुळाचं देवक अळंबी. त्या कुळातलं माणूस अळंबी खात नाही, तोडत नाही, बागेत दिसली तर वळसा घालून जातं. काम्याचं कूळ चवळीचं, त्याला अळंबीची काही आडकाठी नव्हती. पण जिच्या हातचं जेवायचं स्वप्न बघायचं तिचं देवक दाताखाली कसं चावायचं, म्हणून त्याने आपण होऊन सोडली. कुणी मागितलं नव्हतं. प्रेमात माणूस असले उद्योग करतो आणि पुढे ते अंगाशी येतात.

लग्न अडलं होतं ते भावावाचून. आमच्याकडे नवऱ्या मुलाने मुलीच्या भावाच्या हातात कोंबडा द्यायचा असतो. गाय द्या, साखरेची पोती द्या, साबणाच्या पेट्या रचा. भावाने कोंबडा घेतला नाही तर बाकीचं सगळं नुसतं सामान. गॉडेन्सियाला भाऊ एकच, किझ्झा. तो मासे धरायला सरोवरातल्या बेटांवर गेला आणि होडी परत आली ती पालथी. बाकीच्यांना पाण्याने काठावर आणून टाकलं. किझ्झाला नाही आणलं.

त्याच्या बापाला सगळे सालोंगो म्हणत. जुळ्यांच्या बापाला हाच मान असतो. सालोंगोंनी मुलाला मेलेला मानलंच नाही. "सापडला नाही म्हणजे आहे," एवढंच ते म्हणत. ना रडणं झालं, ना माती झाली. अंगणात फणसाखाली किझ्झाची लाकडी खुर्ची होती, तिच्यावर कुणाला बसू देत नसत. काम्या मागणी घालायला आला की सालोंगो खुर्चीकडे बोट दाखवत. "किझ्झा येऊ दे. कोंबडा तो घेईल." काम्याने त्यासाठी राखलेला पहिला कोंबडा म्हातारा होऊन मेला. दुसरा मुंगसाने नेला. तिसरा आरवायला लागला तेव्हा गॉडेन्सियाची आत्या, सालोंगोंची धाकटी बहीण पेरेपेटुआ, पदर खोचून उभी राहिली.

"भाऊ नाही तर चुलत भाऊ घेईल कोंबडा," ती म्हणाली. "माझी भाची काय लोंगर उतरवलेलं खोड आहे, बागेत पडून राहायला?"

आमच्याकडे भाचीच्या लग्नात आत्याच्या शब्दापुढे बापाचं काही चालत नाही. सालोंगोंनी तोंड कडू करून तारीख दिली.

आता काम्याच्या डोक्यात शिरलं की ओळखीच्या सोहळ्याला, म्हणजे मुलीच्या अंगणात जाऊन तिला रीतसर मागायच्या दिवशी, आपल्याच कापडाचा कांझू घालून जायचं. पुरुषाने अशा दिवशी पायघोळ पांढरा कांझू आणि वर कोट घालायचा हे ठरलेलंच असतं, पण तो सुती असतो. काम्याच्या काकांना, फुलुजेन्सियोंना, हे ऐकून घाम फुटला.

"अरे, नवरा मुलगा करकरत जाणार? ते म्हणतील दार वाजतंय."

"नाही करकरणार, काका. गाठी गॉडेन्सियाने मारल्यात. खोडं तिच्या बागेतली. हाच घालणार."

आणि त्याने करकर घालवायचा चंग बांधला. राखेच्या पाण्याने कापड ताठरतं, म्हणून शेवटची उकळी वगळली. त्याऐवजी कांझू केळ्याच्या दारूच्या गाळात भिजत घातला. मोगरीने कुटून कुटून शेजाऱ्यांची झोप उडवली. एवढं करून कापड पुन्हा वाळून ताठ होईल या धास्तीने ते ओलंच केळीच्या पानांत गुंडाळलं, दोरीने बांधलं आणि चुलीमागे उबेला ठेवून दिलं. आमच्या माणसाला कुठलीही गोष्ट मऊ करायची तर एवढाच उपाय ठाऊक. हिरव्या केळ्यांचे मटोके असेच मऊ होतात, कोंबडी अशीच शिजते. कांझूही होईल, असं त्याला वाटलं. झालाही. सोहळ्याच्या सकाळी पानं सोडली तर कांझू लोण्यासारखा मऊ. जरासा आंबूस वास येत होता आणि छातीवर बारीक पांढरी लव दिसत होती. काम्याला वाटलं, कापडाला मऊपणा आलाय. त्याने कोट चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

सालोंगोंच्या अंगणात मांडव पडला होता. एकीकडे मुलीची माणसं, समोर मुलाची, आणि मध्ये दोन भाड्याचे बोलके. आमच्याकडे सोयरिकीचं बोलणं घरची माणसं बोलत नाहीत, त्याला बोलके आणतात. मुलीकडून कातेन्डे, मुलाकडून मबिरिझी. हे दोघे एकमेकांचे साडू, दर शनिवारी बाजू बदलून भांडत.

"तुम्ही कोण? रस्ता चुकलात का?" कातेन्डेने नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"रस्ता नाही चुकलो," मबिरिझी म्हणाला, "पण तुमच्याकडे एक फूल आहे म्हणे, त्याच्या वासाने आलो."

"वास तर तुमच्याच बाजूने येतोय. काय आणलंय, आंबलेली दारू?"

मुलीकडची माणसं हसली. काम्याला घाम फुटला. कोटाच्या आत ओलं, डोक्यावर मांडवाचा तापलेला पत्रा, आणि बोलक्यांचं चऱ्हाट काही संपेना. उशिरा आल्याचा दंड, मबिरिझी मोठ्याने खोकला म्हणून दंड, दंड देताना हसला म्हणून दंड. काम्याला छातीवर काहीतरी हळूच सरकल्यासारखं वाटलं. त्याने ते प्रेम समजून सोडून दिलं.

शेवटी पेरेपेटुआ आत्या फूल घेऊन निघाली. मुलाकडच्या पुरुषांमधून नवरा मुलगा हुडकायचा आणि त्याच्या छातीला फूल टोचायचं, हे आत्याचं काम. तिला काम्या वर्षानुवर्षं ठाऊक, तरी रीत म्हणून तिने आधी फुलुजेन्सियो काकांचं नाक धरून पाहिलं, "हा तर नव्हे, हा कुजलाय आधीच," म्हणाली. मांडव खदखदला. मग ती काम्यापुढे थांबली आणि म्हणाली, "हा बघा लपलाय. बटणं किती लावलीस रे बाबा, कोट आहे की तिजोरी?" आणि तिने फूल टोचायला कोट उघडला.

आत अळंबी होती.

एक नव्हे, छातीच्या डाव्या बाजूला झुबकाच. बारीक बटणासारख्या पुष्कळ, आणि मधोमध एक मोठी, छत्री उघडलेली, जाळीदार, इतकी पांढरी की कांझू तिच्यापुढे मळका वाटावा. आत्याच्या हातातलं फूल गळून पडलं. ती भाच्यांना थपडा मारणारी बाई, कोणापुढे न वाकणारी, तिने तिथंच गुडघे टेकले आणि म्हणाली, "आलात का, महाराज?"

एकेक करत मुलीकडची सगळी माणसं गुडघ्यांवर आली. मुलाकडच्यांना काय करावं कळेना, ते बसल्याजागी आपापल्या छात्या चाचपू लागले.

सालोंगो उठले. काठी टेकत आले, काम्याच्या छातीकडे बराच वेळ बघत राहिले.

"हा आमचा आहे," ते म्हणाले.

मबिरिझीने व्यवसायाला जागून लगेच टाळी वाजवली. "ऐकलंत! सासऱ्यांनी पदरात घेतलं!"

"जावई नव्हे," सालोंगो म्हणाले. "मुलगा. देवकाने स्वतः खूण दिली. हा अळंबीच्या कुळाचा आहे."

मांडवात कुजबूज पसरली, आणि मग तिचा अर्थ सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आला. एका देवकात लग्न होत नाही. काम्या मुलगा असेल तर गॉडेन्सिया त्याची बहीण.

फुलुजेन्सियो काका ताडकन उभे राहिले. "अहो, हा चवळीचा आहे! माझ्या भावाचा पोरगा! जन्मला तेव्हा मी दारात उभा होतो!"

"दारात होतात, आत नव्हतात," कातेन्डे म्हणाला. भाड्याचा असला तरी हुशार. "बरं, मला सांगा, हा चवळी खातो का?"

"छे! देवक कोण खाईल?"

"आणि अळंबी?"

काकांच्या घरी दर पावसात अळंबीचं कालवण व्हायचं आणि दर पावसात काम्या ताट सरकवून उठायचा.

"नाही खात," काका पुटपुटले. "पण ते प्रेमापायी!"

"ज्याची त्याची प्रेमं आम्हाला काय ठाऊक? खात नाही ना? झालं तर."

"आणि नाव बघा," सालोंगो म्हणाले. त्यांचा आवाज आता चढला होता, डोळे चमकत होते. "माझ्या घरात आधी ही थोरली, मग जुळ्या पोरी, जुळ्यांमागे किझ्झा. किझ्झामागे जन्मतो त्याचं नाव काय ठेवतात?"

उत्तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. जुळ्यांमागचा तो किझ्झा, किझ्झामागचा तो काम्या. देशभरात असे हजारो काम्या हिंडतात. पण त्या घटकेला मांडवातल्या माणसांना वाटलं की जगात काम्या एकच, आणि तो चुकून दुसऱ्याच्या घरी वाढला.

"बाग तुझी," सालोंगोंनी काम्याचा हात धरला. "घर तुझं. माझ्यामागे वारसाचा भाला आणि पाट तुझा. आत चल पोरा, बहिणीला भेट."

आयुष्यभर या अंगणात काम्याला खोडं सोडून काही मिळालं नव्हतं. आज सगळंच मिळत होतं, फक्त जी हवी ती सोडून. मुलीकडच्या बायका कौतुकाने "दादा, दादा" करत त्याच्याभोवती जमल्या. कुणीतरी त्याने आणलेल्या गाईकडे बोट दाखवून म्हणालं, "सोडा हिला, आता ही घरचीच."

मबिरिझी त्याच्या कानाशी लागला. "खा."

"काय?"

"एक तोड आणि तोंडात टाक. सगळ्यांसमोर. या कुळाचा माणूस खाणार नाही, तू खाल्लीस की तू यांचा नाहीस. प्रकरण मिटलं. चल, मला अजून एका लग्नाला जायचंय."

बोलणं चोख होतं. काम्याने हात वर नेला. बोटं त्या मोठ्या अळंबीच्या देठापाशी गेली. समोर घराच्या खिडकीत पडदा हलला आणि पडद्यामागे गॉडेन्सियाचा चेहरा दिसला. ती मान हलवत नव्हती, डोळ्यांनी खुणावतही नव्हती, नुसती बघत होती. तिच्या आई-आजीने कधी वाटेतलीसुद्धा तुडवली नाही ती अळंबी आपण तिच्या अंगणात चावून गिळायची, आणि मग तिला म्हणायचं, चल घरी. काम्याचा हात खाली आला. त्याला रडू फुटलं.

"बघितलंत?" कातेन्डे गरजला. "हात धजावत नाही! रक्त बोलतंय!"

तेवढ्यात दार उघडलं. नवरी मुलीने बोलावल्याशिवाय बाहेर येऊ नये अशी रीत आहे, आणि आली तर नजर खाली ठेवून यावं अशीही. गॉडेन्सियाने दोन्ही रीती उंबऱ्यावरच ठेवल्या. जरीचा पायघोळ झगा, गोमेसी, दोन्ही हातांनी उचलून ती तरातरा आली, बापापुढे गुडघे टेकले, तेवढं मात्र सोडलं नाही.

"बाबा, अळंबी कशावर उगवली?"

"ह्याच्यावर."

"नीट बघा. ह्याच्या अंगावर उगवली का?"

सालोंगोंनी वाकून बघितलं. आत्यानेही बघितलं. कातेन्डेने चष्मा लावून बघितलं.

"कांझूवर उगवलीय," आत्या म्हणाली.

"कांझू कुणाच्या बागेतला? तुमच्या. लोंगर तुम्ही उतरवलंत, गाठी मी मारल्या. ह्याने नुसता घातलाय." गॉडेन्सियाने कांझूकडे बोट दाखवलं. "देवकाला ह्या माणसाकडे यायचं असतं तर ह्याच्या कपाळावर उगवलं असतं, जागा काय कमी आहे? ते कांझूवर आलं. तुमचा मुलगा कांझू आहे, बाबा. मुलगा तुम्ही ठेवून घ्या. माणूस मला द्या."

दोन्ही बोलक्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं पोट भरण्यासाठी भांडले, पण यात खोट काढायला जागा त्यांना दिसेना.

"कांझू काढ," सालोंगो काम्याला म्हणाले.

"आत्ता?"

"माझा मुलगा तू अंगावर घालून हिंडणार आहेस का?"

काम्याने कोट काढला, मग दोन बायकांनी अळंबीला धक्का न लावता कांझू त्याच्या डोक्यावरून उतरवला. आत त्याची फुटबॉलची जुनी लाल चड्डी होती, फुलुजेन्सियो काकांनी कपाळावर हात मारला. काम्याने पुन्हा कोट चढवला आणि कोट-चड्डीत, उघड्या पोटऱ्यांनी, होणाऱ्या सासऱ्यापुढे उभा राहिला.

आणि सालोंगोंनी कांझू दोन्ही हातांवर घेतला, फणसाखाली नेला आणि किझ्झाच्या खुर्चीवर बसवला. बाह्या खुर्चीच्या हातांवर नीट ठेवल्या. एक चूण पडली होती, ती तळव्याने सारखी केली. त्या खुर्चीवर इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बसलं होतं.

"आता मुलीचा भाऊ आहे," आत्या म्हणाली. "कोंबडा आणा."

काम्याने तिसरा कोंबडा आणला. चड्डीतच गुडघे टेकून त्याने कांझूला आमच्या रिवाजाचा लांबलचक नमस्कार केला, घरची खुशाली विचारली, गुरांची विचारली. कांझूने उत्तर दिलं नाही, पण भाऊ लोक अशा वेळी ताठ्यात असतातच. मग कोंबड्याची दोरी उजव्या बाहीला बांधली. बाई-माणसांनी जिभा हलवून असा जल्लोष केला की फणसावरची पाखरं उडाली. कोंबड्याने खुर्चीवर उडी मारली आणि एक बारकी अळंबी टिपली. त्या क्षणी अळंबी कुळातल्या झाडून सगळ्या माणसांना आकाशात काहीतरी बघण्यासारखं दिसलं.

असं ते लग्न झालं.

सालोंगो एकटे राहिले, असं म्हणायची सोय नव्हती. रोज सकाळी ते कांझूवर पाणी शिंपडत, ऊन आलं की खुर्ची सावलीत सरकवत, मटोके पानावर वाढून त्याच्यापुढे ठेवत आणि मग कोंबड्याला घालत. बाजारभाव सांगत. गावाला आधी हसू यायचं, मग सवय झाली. गॉडेन्सिया आणि काम्या दर रविवारी येत, काम्या कांझूपुढे वाकून "कसं काय, मेहुणे?" विचारी. अळंबी आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. आणि कांझू हळूहळू आपल्या गुणावर गेला. आधी काठ विरले, मग एक बाही गळाली. गॉडेन्सियाच्या गाठी तेवढ्या शेवटपर्यंत धरून होत्या. दुसरा पाऊस सरत आला तेव्हा सालोंगोंचा निरोप आला, "मुलगा गेला."

मयताला अख्खं गाव लोटलं. अंगणात रात्रभराच्या शेकोटीचं लाकूड आलं, बायका भांडी घेऊन आल्या. सासुरवाडीच्या मयतावर सालीचं कापड घालायचा मान जावयाचा, म्हणून काम्याने आज्याच्या मोगरीने कुटून लाल सालीचं कापड केलं आणि त्यात आपलाच कांझू गुंडाळला. ओंजळीत मावेल एवढाच उरला होता. फुलुजेन्सियो काका कानाशी पुटपुटले, "म्हणाला होतास तसंच झालं, दोन पावसांत. कंपालाच्या लोकांना बोलवायला हवं होतं." कातेन्डेने भाषण केलं. मयत स्वभावाने फार मऊ होते, म्हणाला, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. एक-दोघे खाली मान घालून हसले. काम्यालाही हसू येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

खड्डा बागेत होता, सालोंगोंच्या बायकोच्या थडग्याशेजारी. गाठोडं आत ठेवलं. सालोंगोंनी मूठभर माती घेतली आणि टाकेनात. इतके दिवस ते कांझूला नुसतं "मुलगा" म्हणत आले होते, नाव असं त्याला दिलं नव्हतं.

"किझ्झा," ते म्हणाले, "पाणी फार गार होतं का रे?"

आणि मग ते रडले. काठी टाकून, मातीत बसून, तोंड उघडं टाकून रडले. कोणी हसलं नाही. गॉडेन्सियाने त्यांचं डोकं पोटाशी धरलं, तीही रडली, पेरेपेटुआ आत्याने किझ्झाच्या नावाने असा गळा काढला की रस्त्यावरची माणसं थांबली. काम्याने खड्डा बुजवला. माती ओली होती, पटकन बसली.

माणसं अंगणात परतली आणि चटयांवर टेकली. काम्या फणसाशी उभा होता, कुठे बसावं न सुचून. सालोंगोंनी किझ्झाची खुर्ची ओढली, आपल्या कोटाच्या बाहीने तिच्यावरची ओल पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"बस. उभा काय राहिलास?"

काम्या बसला. त्याच्या अंगातला सदरा नवा होता, सोपटाचाच, राखेच्या पाण्यात नीट उकळलेला. तो करकरला. सालोंगोंनी चमकून वर पाहिलं, हात पुढे करून त्याची बाही दोन बोटांत धरली.

"हा किती टिकेल?"

आपल्या कापडाबद्दल काम्या जन्मात कधी खोटं बोलला नव्हता.

"पुष्कळ, बाबा," तो म्हणाला. "पुष्कळ टिकेल."